‘बरी जिरली!’चे सुख

दहावी-बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय वसाहतींतून पेढ्यांबरोबर आणखी एक गोष्ट घरोघरी फिरते. ती म्हणजे शेजारच्या हुशार मुलाचे गुण घसरल्याची वार्ता. मुखाने हळहळ व्यक्त होते. अंतर्यामी मात्र ‘बरी जिरली!’ असा उद्गार उमटतो. या भावनेसाठी मराठीत इतका नेमका शब्दप्रयोग रूढ व्हावा, यावरूनच तिचा वावर किती सार्वत्रिक आहे हे ध्यानी येते.

षड्रिपूंच्या मालिकेत मत्सराला शेवटचे स्थान आहे. काम, लोभ हे रिपू निदान उपभोगाचे आमिष तरी दाखवतात. मत्सर केवळ जाळतो. त्या दाहावर त्याला एकच उतारा सापडतो, तो म्हणजे दुसऱ्याचे पतन. जपानी संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेल्या मेंदूविषयक अभ्यासात याला दुजोरा मिळाला. मत्सर जागा होताच मेंदूतील वेदनेशी निगडित भाग उद्दीपित झाला आणि मत्सराचा विषय झालेल्या व्यक्तीवर संकट येताच सुखाशी निगडित भाग. शिवाय आपल्याच क्षेत्रातील, आपल्यासारख्याच माणसाविषयी हा मत्सर अधिक तीव्र होता. दूरच्या कुबेराचा कोणी हेवा करीत नाही. सलतो तो भाऊबंद.

व्यासांनी हे मर्म महाभारताच्या वनपर्वात, घोषयात्रेच्या प्रसंगात उलगडले आहे. द्यूतात सर्वस्व जिंकूनही दुर्योधनाचे समाधान झाले नाही. वल्कले नेसलेल्या पांडवांची दैन्यावस्था डोळ्यांनी पाहावी आणि आपल्या वैभवाने त्यांना खिजवावे, या हेतूने गोधनाच्या पाहणीचे निमित्त करून तो द्वैतवनात गेला. तेथे चित्रसेन गंधर्वानेच त्याला बंदी केले. आता ‘बरी जिरली’ म्हणण्याची पाळी पांडवांची होती आणि भीमाने ती साधलीही. आपण करावयाचे काम गंधर्वांनीच केले, असे तो म्हणाला. युधिष्ठिराने त्याला तेथेच आवरले. आपसांत आपण पाच आणि ते शंभर. परक्यापुढे मात्र एकशे पाच, ही त्याची भूमिका होती. भीमार्जुनांनीच अखेर दुर्योधनाला सोडवून आणले.

संघटनेचे कार्य करणाऱ्यांनी या प्रसंगाचे वारंवार मनन करावयास हवे. बरोबरीच्या कार्यकर्त्याकडे मोठी जबाबदारी आली की कपाळावर आठी पडते आणि त्याचा कार्यक्रम फसला की बैठकीनंतरच्या चहात गोडी येते. बाहेरचा विरोध संघटनेला कणखर करतो. हा चहा मात्र तिला आतून पोखरतो. ज्याच्या अपयशाने सहकारी सुखावतात, तो पुन्हा धडपडण्याचे धाडस करीत नाही. त्याची हानी ही अखेर कार्याचीच हानी असते.

पतंजलींनी यावर साधना सांगितली आहे. सुखी माणसाविषयी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, पुण्यवंताविषयी मुदिता आणि पापाचरणाविषयी उपेक्षा. या भावना उपदेशाने अंगी बाणत नाहीत, त्यांचा अभ्यास करावा लागतो. तो घरातूनच आरंभावा. शेजारच्या मुलाचे गुण घसरले तर त्याची चर्चा करण्याऐवजी त्याला घरी बोलावावे, पुढची वाट शोधण्यास साहाय्य करावे. आईवडिलांच्या ओठांवरचे ‘बरी जिरली’ मुले ऐकत असतात. त्यांनी संकटात धावून जाणारी पावलेही पाहावीत. एकशे पाचांची गणती अशाच घरांतून सुरू होते.