जुळे आहेत? तारीख लिहून ठेवा!

आमच्या वस्तीतील एका सुनेला सातवा महिना होता. पोटात जुळे. रात्री कंबर दुखू लागली. "दिवस भराचे हायेत अजून, सकायी पाहू," सासू म्हणाली. सकाळी दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात दोन्ही लेकरे जन्मली. दोघांनाही धाप. एकच घरी आले.

असे का होते? फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे उघडे ठेवणारा एक पदार्थ शेवटच्या महिन्यांत तयार होतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळात तो कमी असतो. श्वास सोडला की फुगे मिटतात. आणि जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले ३७ आठवड्यांआधीच जन्मतात.

यावर स्वस्त उपाय आहे. आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाचे फुप्फुस लवकर तयार होते, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी या डॉक्टरांनी १९७२ साली दाखवून दिले. आपल्या सरकारच्या २०१४ च्या सूचनेनुसार २४ ते ३४ आठवड्यांत बाळंतपण लवकर होण्याची चिन्हे दिसली, तर डेक्सामेथासोन ६ मिलिग्रॅम, १२-१२ तासांनी ४ वेळा देतात. पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो. त्या सुनेची तीच रात्र घरात गेली.

मात्र हे टॉनिक नव्हे. नागपूर व बेळगावसह सहा देशांत एक मोठी चाचणी झाली. तिथे पोटाला टेप लावूनही महिने मोजले. २०१५ मध्ये निकाल छापून आला : कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत, उलट मातांमध्ये जंतुसंसर्ग वाढला. पुढे सोनोग्राफीने दिवस ठरवून, बाळाची काळजी घेणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत चाचणी झाली. २०२० च्या त्या निकालात नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. जुळ्यांचे पोट तर मुळातच मोठे; टेप तिथे फसणारच.

मी डॉक्टर नाही, कारकून आहे. तारखेची किंमत मला कळते. पाळीची तारीख लिहून ठेवा. पहिल्या तीन महिन्यांतच सोनोग्राफी करा. पोट थांबून थांबून कडक झाले, कंबर भरून आली, पाणी गेले, तर रात्रीच १०८ ला फोन करून जिल्हा स्त्री रुग्णालय गाठा. इंजेक्शन द्यायचे की नाही, ते डॉक्टर ठरवतील. वेळेवर पोचवणे मात्र आपल्या घराच्या हाती आहे.