‘स्वमग्न’ म्हणण्याचा अधिकार

ऑटिझमला मराठीने ‘स्वमग्नता’ हा शब्द दिला. शब्द गोड आहे, म्हणूनच अधिक घातक. मूल स्वतःत बुडालेले आहे, बाहेर काही पाठवत नाही, हा निष्कर्ष त्यात आधीच दडलेला. दोन-चार शब्दांपलीकडे न बोलणाऱ्या मुलाची ‘वर्तनवैशिष्ट्ये’ शोधायला संशोधक येतो तो त्यानंतर.

वास्तविक या अभ्यासाचा आरंभ इतका बधिर नव्हता. १९४३ साली लिओ कॅनरने वर्णिलेल्या ११ मुलांपैकी ३ बोलत नव्हती. १९४६ मध्ये त्याने अशा मुलांच्या वरकरणी असंबद्ध, पण रूपकात्म भाषेवर निबंध लिहिला. त्यातला एक मुलगा पातेल्यासारखे काही दिसले की एका बालगीतातले शब्द उच्चारी. ते गीत म्हणताना आईच्या हातून पातेले पडले होते, हे कळेपर्यंत ते शब्द निरर्थकच. अर्थाची किल्ली आईजवळ होती.

पुढे मात्र चाचणीला न बसणारे मूल वगळण्याचीच सवय जडली. २०१९ च्या एका आढाव्यानुसार, ऑटिझमविषयक नियतकालिकांतील २०१६ च्या अभ्यासांत सहभागी ऑटिस्टिक व्यक्तींपैकी ९४ टक्के बौद्धिक अक्षमता नसलेल्या होत्या. (न बोलणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, पण वगळले जाणे दोघांच्याही वाट्याला येते.)

आपल्याकडे वगळण्याला भूगोलही आहे. माजलगाव परिसरातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मूल फडावर, कोपीत. केंद्र सरकारने २०१६ साली प्रमाणपत्रासाठी मान्य केलेली भारतीय मापनश्रेणी ४० कलमांची, प्रत्येकी १ ते ५ गुण. मूल कान झाकते, हे लक्षण की पहाटेच्या ट्रॅक्टरला दिलेले उत्तर? पावसाळ्यात, गावी, तेच मूल काय करते? दोन्ही ऋतूंत न पाहता ‘वैशिष्ट्य’ हा शब्द कोणत्या तोंडाने वापरायचा?

त्याच श्रेणीत सर्वनामांच्या उलटापालटीचे एक कलम आहे. इंग्रजीत ‘मी’च्या जागी ‘तू’ स्पष्ट ऐकू येतो. मराठीत सर्वनाम गळते, पुरुष क्रियापदात उरतो. तहानलेले मूल आईचेच ‘पाणी पितोस का?’ परत करते, तेव्हा सर्वनाम शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. व्याकरण जाणणाऱ्याला ‘पितोस’ पुरते. हे काम मानसशास्त्रज्ञापेक्षा आपले अधिक आहे.

आणि आपण काय करतो? कवितेतल्या मौनावर प्रबंध लिहितो, आणि प्रत्यक्ष न बोलणारे मूल डॉक्टरांच्या हवाली करून मोकळे होतो! बोलीचा अभ्यास करायला गावोगाव हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला फडावर जायला कोणी अडवलेले नाही. मूल कोणाचा हात ओढते, कोणत्या हाकेला वळत नाही, कशाकडे पाहून हुंकारते, हे टोळीतल्या आईला विचारता येते. ते आधी तिच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. गुण नंतर कोणीही द्यावेत.