रॅम डिस्क म्हणजे येडेपणा? मुळीच नाही!

परवा उंद्रीला गेलो होतो. जुन्या कॉम्प्युटरचा विषय निघाला आणि भाचा म्हणाला, "मामा, रॅममध्ये ड्राइव्ह बनवायचा म्हणजे येडेपणाच ना? लाइट गेली की सगळं साफ!"

हेच वाक्य मी १९९० च्या सुमाराला चिखलीच्या एका क्लासमध्ये सरांच्या तोंडून ऐकलं होतं. तेव्हा गप्प बसलो. आता नाही बसणार :-)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी (आत्या, खास तुझ्यासाठी): मसाल्याचा डबा चुलीजवळ असतो आणि मिरचीचं पोतं कोठीत, तसंच हे. मेमरीचा एक तुकडा बाजूला काढायचा आणि डॉसला सांगायचं, हा एक ड्राइव्ह समज. १९८४ च्या पीसी-डॉस ३.० मध्ये त्यासाठी व्हीडिस्क होतं, १९८६ च्या एमएस-डॉस ३.२ मध्ये रॅमड्राइव्ह. कॉन्फिग.सिसमध्ये एक ओळ लिहायची, बस्स. फुकटात!

आमच्या मशीनला हार्ड डिस्क नव्हती. वर्डस्टार अख्खं मेमरीत येत नसे, त्याच्या ओव्हरले फाइल लागतील तशा फ्लॉपीवरून वाचल्या जायच्या. फ्लॉपी मिनिटाला ३०० फेरे मारते, म्हणजे एका फेऱ्याला ०.२ सेकंद. त्याआधी मोटर सुरू होणार, हेड सरकणार... खर्र खर्र... आणि आम्ही दोघं-दोघं एका मशीनसमोर स्क्रीनकडे बघत बसलेलो. फी तासाची, एसटीचं तिकीट वेगळं. ६४० केबीतले २५६ केबी बाजूला काढले असते तर अख्खं वर्डस्टार त्यात मावलं असतं.

आता लाइटचं. अहो, प्रोग्रॅम रॅममध्ये ठेवायचा, पत्र फ्लॉपीवर! लाइट गेली तर गेलं काय? प्रोग्रॅमची कॉपी. मूळ फ्लॉपी तर हातातच आहे, ऑटोएक्झेक.बॅटमध्ये लिहून ठेवलं की मशीन सुरू होताना आपोआप पुन्हा कॉपी होते. आणि सेव्ह न केलेलं पत्र रॅम डिस्क नसतानाही जातच होतं की! त्याचा दोष रॅम डिस्कला कशाला?

हां, डीबेसमधला दुकानाचा हिशोब कोणी रॅम डिस्कवर ठेवत असेल तर तो खरंच येडेपणा. लोटसची मोठी शीट उघडायची असेल तर मेमरीही कमी पडायची. मान्य. पण आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही. "रॅम ही तात्पुरती मेमरी आहे" एवढं पाठ करून घेतलं. तात्पुरत्या जागेत तात्पुरत्या वस्तू ठेवाव्यात, हा साधा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. माझ्याही नाही, नाहीतर तेव्हाच भांडलो असतो.

असो. भाच्याच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्याला त्यातलं टीएमपीएफएस दाखवलं, म्हणजे मेमरीतच राहणारी फाइल सिस्टीम. थोडा वेळ बघत बसला, मग म्हणाला, "मामा, हे तर आधीपासूनच चालू होतं!"