फवारणी करणाऱ्याची काळजी कोणी घ्यावी?

कीटकनाशक पोटात गेले तरच बाधते, हा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः ते कातडीवाटे व श्वासावाटेही शरीरात भिनते. सन २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले. उंच वाढलेल्या कपाशीत फवाऱ्याचे तुषार फवारणाऱ्याच्याच अंगावर येतात, हे ध्यानी घ्यावे.

अशा वेळी मजुराच्या निष्काळजीपणाकडे बोट दाखविणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. रोजंदारीवर येणारा मजूर हातमोजे कोठून आणणार? ज्याचे शेत, त्याची ती जबाबदारी होय. औषधाबरोबरच अंगभर कपडे, हातमोजे, मुखपट्टी व साबण यांचा खर्चही शेतकरी बंधूंनी लागवडीच्या हिशेबात धरावा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेस फवारणी करवू नये.

डब्यावरील तांबडा त्रिकोण ही अत्यंत विषारी औषधाची खूण आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ती निरक्षर मजुरासही दाखवून द्यावी. मळमळ, चक्कर वा अंधुक दिसणे सुरू होताच काम थांबवून, कपडे उतरवून, अंग साबणाने धुवावे आणि औषधाच्या डब्यासह तत्काळ दवाखाना गाठावा. बुडालेले पीक पुढील हंगामात भरून काढता येईल. घरचा कर्ता माणूस मात्र परत येणार नाही.