चावी एका घरीं, कागद दुसऱ्या घरीं

मागें याच सदरांत आम्हीं आमच्या मोटारीचा ओझरता उल्लेख केला होता. तेव्हांपासून ओळखीचीं माणसें आणि कित्येक वाचक एकच प्रश्न विचारीत आहेत: "मास्तर, पेन्शनींत निघाल्यावर मोटार कशाला घेतलीत?" विचारणाऱ्यांचा समज असा दिसतो कीं, गाडी नवी आहे. वस्तुतः ती १९६८ सालची फियाट आहे. खाप्याच्या आमच्याच वाड्यांत, परसांतील रिकाम्या गोठ्यांत, ती बावीस वर्षें उभी होती, आणि आम्हीं ती विकत घेतली ती आमच्याच पुतण्याकडून. घरची वस्तु घरच्याच माणसाला पैसे मोजून घ्यावी लागावी, हें कांहीं भूषण नव्हे. तरी ही हकीकत सांगावीशी वाटते. कारण अशी एखादी बंद पडलेली वस्तु बहुतेक जुन्या घरांतून असते. ती मोटारच असते असें नाहीं, इतकेंच.

तरुण वाचकांस या गाडीची थोडी ओळख करून दिली पाहिजे. शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून इटलीच्या फियाट कंपनीच्या नमुन्याच्या लहान मोटारी निघूं लागल्या. १९५४ च्या सुमारास आलेल्या गोलमटोल गाडीला आपल्या लोकांनीं 'डुक्कर फियाट' असें नांव देऊन टाकलें. १९६४ मध्यें 'डिलाइट' आली; तीच पुढें १९७४ पासून 'पद्मिनी' या नांवानें घरोघर पोहोंचली. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून जी आपल्या डोळ्यांसमोर येते ती हीच. तसल्या टॅक्सींपैकीं शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरांत रस्त्यावरून निवृत्त झाली. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें. गिअरचा दांडा सुकाणूच्या खालीं असल्यामुळें पुढील सलग बाकावर तिघे बसत. आमच्या घरीं या गाडींत एकंदर नऊ माणसें बसत असत, हें कारखान्याला ठाऊक नव्हतें.

आमचे थोरले बंधु, दादा, सावनेरास वकिली करीत. १९७९ सालीं त्यांनीं ही गाडी जुनीच विकत घेतली. त्या काळीं नवी फियाट हवी असल्यास पैसे भरून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. त्यामुळें जुन्या गाडीलाही मोठा मान होता. आषाढांत धापेवाड्याचा विठोबा, चतुर्थीला अदाशाचा गणपति, कार्तिकांत रामटेक, हे आमच्या घरचे नेम याच गाडीनें पार पडले. आम्हांला मोटार चालविण्यास दादांनींच शिकविलें. गिअर बदलतांना खरखर झाली कीं ते एवढेंच म्हणत, "तिला दुखलें."

२००१ सालीं दादा गेले. पुढल्या वर्षीं वाड्याची वांटणी झाली, अंगणांत भिंत उभी राहिली. भांडीं, शेत, दागिने यांचा हिशेब लागला. मोटारीचा मात्र लागेना. पुतण्या म्हणे, गाडी बाबांची. आम्ही म्हणूं, ती सांभाळली आम्हीं. चावी आमच्याकडे होती, नोंदणीचें पुस्तक त्याच्याकडे. चावीवांचून त्याला गाडी हलवितां येईना आणि कागदावांचून आम्हांला ती रस्त्यावर काढतां येईना. मालक मृत्यु पावल्यास तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें आणि तीन महिन्यांत वारसानें आपलें नांव लावून घेण्यासाठीं अर्ज करावा, असा कायदा आहे. आम्हीं दोघांनीं मिळून बावीस वर्षें घालविलीं. दरम्यान पुतण्या वहिनींना घेऊन पुण्यास राहावयास गेला आणि लग्नकार्यापुरतें बोलणें तेवढें उरलें. हटवादांत कोण अधिक होता, हें आतां ठरविण्यांत अर्थ नाहीं. वयानें मात्र आम्ही अधिक होतों.

२०२४ च्या चैत्रांत कळलें कीं, पुतण्या आपल्या वांट्याचें घर विकतो आहे आणि गोठ्यांतील गाडी भंगारवाल्यास देण्याचें ठरलें आहे. आम्ही रागानें येरझारा घालूं लागलों. तेव्हां आमचें कुटुंब शांतपणें म्हणालें, "गाडी भंगारांत जाईल आणि चावी तुमच्या पेटींत राहील. मग त्या चावीनें काय उघडणार?" या प्रश्नाला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्याच रात्रीं आम्हीं पुण्यास फोन लावला. पुतण्या थोडा वेळ कांहींच बोलला नाहीं. मग म्हणाला, "भंगारवाला वीस हजार देतो, काका. तुम्हीही तेवढेच द्या." वैशाखांत तो वहिनींसह स्वतः कागद घेऊन आला.

गोठा उघडला तेव्हां प्रथम चाकें दिसलीं नाहींत. टायर बसून गाडी जमिनीला टेकली होती. पत्र्यावर गंज, कांचांवर जाळीं. मागल्या बाकांत उंदरांनीं घरटें केलें होतें, तेंही दादांच्या वकिलीच्या कागदांचें. कित्येक खटल्यांचा निकाल त्यांनीं परस्पर लावून टाकला होता. आमची समजूत अशी होती कीं, गाडी बंद ठेवली म्हणजे ती आहे तशी राहते. प्रत्यक्षांत चालून जितकी झिजली नसती तितकी ती उभ्या उभ्या झिजली होती. आमच्या गांवच्या कोष्ट्यांना हें कोणी शिकवावें लागत नाहीं. माग महिनोन् महिने थांबला कीं त्याच्या दोऱ्या सैल पडतात आणि लांकूड वाकूं लागतें, हें ते जाणतात.

सावनेरच्या एका वृद्ध मिस्त्रीनें उभा जन्म फियाट गाड्यांत घालविला आहे. त्याला आणलें. आम्हीं उत्साहानें नवी बॅटरी आणून ठेवली होती. ती पाहून तो म्हणाला, "गुरुजी, आता चाबी मारान त सारं मोडन. पहिले थांबनं शिकवा गाडीले, मंग चालनं." त्यानें इंजिनाला हात लावण्यापूर्वीं ब्रेक उघडले. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें आणि आंतून गंज चढवितें. चारही चाकांतील रबरी वाट्या सिलिंडरांना घट्ट चिकटून बसल्या होत्या. त्या सर्व नव्या घातल्या. टायरांची नक्षी शाबूत होती, पण रबर बाजूनें चिरलें होतें. "नक्षी पाहू नोका, साल पाहा," असें म्हणून त्यानें तेही बाजूला टाकविले.

मग इंजिन. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें तेल सोडलें आणि आठ दिवस तसेंच मुरूं दिलें. पुढें गाडी वरच्या गिअरमध्यें घालून मागील एक चाक जॅकनें उचललें आणि तें हातानें फिरवून पाहण्याचा क्रम सुरू झाला. चार दिवस तें तसूभरही हललें नाहीं. पुतण्या म्हणाला, "जोर लावूं या." मिस्त्रीनें नुसती मान हालविली: जोर केला तर पिस्टनच्या रिंगा मोडतात. पांचव्या दिवशीं चाक अंगुळभर फिरलें आणि आंत कांहीं सुटल्याचा बारीक आवाज झाला. एवढ्या आवाजानें इतका आनंद होऊं शकतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें.

टाकींतील जुन्या पेट्रोलाचें वार्निशासारखें चिकट किटण झालें होतें. टाकी उतरवून धुतली, कार्बोरेटरचीं सूक्ष्म छिद्रें एकेक करून मोकळीं केलीं, पेट्रोल-पंपांतील वाळलेला पडदा बदलला. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें आणि तें जुन्या रबराला मानवत नाहीं. म्हणून नळ्याही सोसतील अशा नव्या घातल्या. उंदरांनीं कुरतडलेल्या तारा बदलल्या, रेडिएटर धुऊन काढला. वीस हजारांच्या गाडीवर लाखाच्या वर खर्च झाला, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. नाहीं तर आमचें कुटुंब हा लेख अपुरा ठरवील. श्रावणांत एके सकाळीं इंजिनानें दोनदां शिंकून निळा धूर सोडला आणि तें चालूं लागलें. त्या वेळीं पुतण्या पुण्यास होता. आम्हीं फोन इंजिनाजवळ धरला. पलीकडून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हा आपल्याच गाडीचा आवाज."

यास्काचार्यांनीं निरुक्तांत 'रथ' या शब्दाच्या एकाहून अधिक व्युत्पत्ति दिल्या आहेत. एक गतिवाचक धातूपासून. दुसरी 'स्थिर' या शब्दाचीं अक्षरें उलटीं करून. ही दुसरी व्युत्पत्ति विद्यार्थिदशेंत आम्हांस ओढूनताणून आणलेली वाटे. गोठ्यांत उभें राहिल्यावर ती पटली. स्थिर झालेलें उलटें करावें तेव्हां रथ होतो. आणि तें उलटें करणें सोपें नसतें.

पुढें प्रश्न आला नोंदणीचा. २०२१ सालीं केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील मोटारींसाठीं वेगळे नियम केले. त्या नियमांनीं अशा गाडीला 'व्हिंटेज' म्हणून निराळा क्रमांक मिळतो. मान मोठा; परंतु मग ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणावयाची, नित्याच्या वापरासाठीं नाहीं. आम्हीं व पुतण्यानें पुष्कळ विचार केला. एकदां कुलुपांत घालून पाहिली होती. आतां मखरांत घालण्याची इच्छा होईना. म्हणून वारसाचे कागद पुरे करून, तपासणीस गाडी उभी करून, साधीच नोंदणी नूतन करून घेतली.

दिवाळीस मंडळी खाप्यास आली. कार्तिकी एकादशीची गर्दी ओसरल्यावर एका रविवारीं आम्ही धापेवाड्यास निघालों. पुढील बाकावर आम्ही, मध्यें पुतण्या, कडेला वहिनी; त्यांची जागा पूर्वीं तीच असे. दर्शन झालें. परततांना सावनेरच्या अलीकडे रेडिएटर तापला आणि गाडी एका कडुनिंबाखालीं उभी करावी लागली. तापलेल्या रेडिएटरचें झांकण लगेच उघडावयाचें नसतें. अर्धा तास थांबावें लागतें. बावीस वर्षांत आम्ही काकापुतणे इतका वेळ एकत्र बसलों नव्हतों. पाण्याचा डबा हातांत धरून तो म्हणाला, "काका, कागद मला लागत नव्हते. मीं मुद्दाम दिले नाहींत." आम्हीं म्हटलें, "चावीही आम्हांला लागत नव्हती." वहिनी आंतून म्हणाल्या, "झालें असेल तर पाणी घाला." यास्काचार्यांची आणखी एक व्युत्पत्ति आहे: ज्यांत मनुष्य आनंदानें बसतो तो रथ. त्या वेळीं आमचा रथ उभा होता, तरीही ती आम्हांस आठवली.

पुतण्यानें घर विकण्याचा बेत अद्याप सोडलेला नाहीं, आणि त्यानें तो सोडावा असा आमचा आग्रहही नाहीं. त्याचें पोट पुण्यास आहे. परंतु गाडीचे कागद व चावी आतां एकाच खुंटीला टांगलेलीं असतात, आणि दर रविवारीं गाडी कन्हानच्या कांठापर्यंत जाऊन येते. तो आला कीं तो चालवितो.

वाचकांस आमची एवढीच विनंति आहे. आपल्याही घरीं एखादा गोठा बंद असेल. तो उघडतांना प्रथम जोर लावूं नका. आधीं ब्रेक पाहा, मग थोडें तेल सोडा, आणि आठ दिवस वाट पाहा. मात्र बावीस वर्षें पाहूं नका. आमचे दादा तेव्हांच गेले होते. पण वहिनी होत्या म्हणून निभावलें.