वर्गणी भरूनही जाहिराती



१७ जून २०२५ पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती सुरू झाल्या. तेव्हाच्या दराने वर्षाला १,४९९ रुपये भरायचे, आणि जाहिराती नको असतील तर आणखी ६९९. एकूण २,१९८. बँकेत आम्ही असे केले असते तर खातेदारांनी शाखा डोक्यावर घेतली असती! शिवाय आवडता चित्रपट तिथून कधी निघून जाईल याचा नेम नाही. हे भाडे आहे, मालकी नव्हे.

मी घरातल्या जुन्या लॅपटॉपला मोठी हार्ड डिस्क जोडून त्यावर जेलीफिन हे मोफत सॉफ्टवेअर टाकले. डिस्कवरचे सगळे वायफायने टीव्हीवर दिसते. नवे चित्रपट मात्र त्यात आपोआप येत नाहीत, आणि टोरेंटवरून उतरवणे ही चोरीच. म्हणून एक वर्गणी ठेवली आहे.

खरा उपयोग वेगळाच निघाला. मंडळाच्या गणेशोत्सवातील नाटकांच्या व्हीएचएस कॅसेट कुठल्याही कंपनीकडे मिळणार नाहीत. फितीला बुरशी लागते, आणि व्हीसीआर बनवणे तर २०१६ मध्येच थांबले. माझ्याकडच्या तीनपैकी दोन वाचल्या. तिसरीत आईचा आवाज होता.

डिस्कही कधीतरी बंद पडते, त्यामुळे दुसरी प्रत उज्जैनला भावाकडे ठेवली आहे. माळ्यावर कॅसेट असतील तर पावसाळ्याआधी खाली काढा. रविवारी मी मोकळा असतो.