गवयाला पाट, गिटारवाल्याला वाट

संगीत नाटकात प्रमुख भूमिका कुणाला द्यावी, या प्रश्नावर आपल्याकडे फार ठाम मतं असतात. ज्यांनी जन्मात स्वतःच्या पैशानं नाटकाचं तिकीट काढलेलं नाही, त्यांची तर सर्वांत ठाम. त्यातलं एक ठरलेलं मत असं, की रॉक गायकाला नाटकात घेऊ नये. का? तर तो केस वाढवतो, ओरडतो, आणि त्याला अभिनय येत नाही.

पहिल्या दोन कलमांचा निकाल उभ्या उभ्याच लावून टाकू. ज्या रंगभूमीवर पुरुषांनी गंगावन लावून, नऊवारी नेसून वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्या, तिनं दुसऱ्याच्या केसांची लांबी मोजू नये. राहता राहिलं ओरडणं. मायक्रोफोन यायच्या आधी शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्याला ऐकू जावं म्हणून आपले नट काही कुजबुजत नव्हते.

आता अभिनय. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' आलं आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे उभे राहिले. वसंतरावांची बरीच वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीत गेलेली, त्यामुळे आम्हा कारकून मंडळींना त्यांच्याविषयी अंमळ जास्तच जिव्हाळा. पण तो मुद्दा नाही. मुद्दा हा, की खाँसाहेबाला खाँसाहेबाचाच गळा हवा, हे सगळ्यांना पटलं. अव्वल गवई नाटकात आला म्हणून रंगभूमी बुडाली, असं कुणी म्हटलं नाही. मग जो न्याय तानपुऱ्याला, तोच गिटारला का नको? गवयाला पाट-रांगोळी, आणि गिटारवाल्याला घरची वाट! हा कुठला हिशेब?

बरं, गिटारवाला आपल्याकडे येऊन गेलाय. तोही परका नव्हे, आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा. नंदू भेंडे सत्तरच्या दशकात मुंबईत रॉक गात होते. अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं, त्यात ते ज्यूडास झाले. पुढे १९७८ साली पुण्याच्या थिएटर अकॅडमीनं 'तीन पैशाचा तमाशा' काढला. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि ब्रेख्तच्या नाटकाचं मराठी रूपांतर पु. ल. देशपांड्यांचं. पुलंना नाट्यसंगीताचं वावडं होतं, असं म्हणायची छाती मुंबई-पुण्यात कुणाची होणार नाही. त्या नाटकातला अंकुश झाले नंदू भेंडे. अंकुश हा गुंड, शहरी, ज्याची थेट पोलीस अंमलदाराशी दोस्ती. असा इसम भीमपलासीत धमकी द्यायला लागला, तर घाबरेल कोण? लोक दाद देतील, 'वाहवा' म्हणतील आणि पाकीट खिशातच ठेवतील. त्या माणसाला तोच आवाज हवा होता.

खरं म्हणजे 'सुपरस्टार'ची जन्मकथा ऐकली की हा वादच मिटावा. ते नाटक पैसे घालून उभं करायला कुणी तयार होईना, तेव्हा टिम राइस आणि अँड्र्यू लॉईड वेबर यांनी १९७० साली आधी रेकॉर्ड काढली. तीत येशू गायला डीप पर्पल या बँडचा इयन गिलन. रेकॉर्ड चालली, आणि मग १९७१ मध्ये नाटक ब्रॉडवेवर आलं. म्हणजे रॉकवाला नाटकात घुसला नाही. नाटकच त्याच्या मागून आलं. आता त्याच नाटकातून त्याला हाकलायचं म्हणजे घरमालकाला 'आपण कोण?' विचारण्यापैकी झालं.

यावर निर्मात्यांनी लगेच खूश होऊ नये. त्यांचीही फाइल माझ्याकडे आहे. बँकेत कर्ज देताना अर्जदाराचं नाव बघायचं नसतं, तारण बघायचं असतं. (प्रत्यक्षात काय बघतात, हा वेगळ्या लेखाचा विषय.) निर्माते नेमकं उलट करतात. पोस्टरवर नाव मोठं दिसलं की कर्ज मंजूर! २०१४ साली अमेरिकेत 'सुपरस्टार'चा मोठा दौरा ठरला. राजा हेरॉड म्हणून सेक्स पिस्टल्सचा जॉन लायडन, ज्यूडास म्हणून इन्क्युबसचा ब्रँडन बॉइड. नावांचा नुसता पाऊस. दौरा पहिल्या प्रयोगाआधीच रद्द झाला. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला शिकवतात, की गुडविल ताळेबंदात दाखवता येतं, पण त्यातून कुणाचा पगार देता येत नाही.

शिवाय हे काम सोपंही नाही. जलशात गायकाचा घसा बसला, तर तो माइक लोकांपुढे धरतो आणि लोकच गातात. लंडन-न्यूयॉर्कला आठवड्याला आठ प्रयोग असतात. तेच शब्द, तोच सूर, त्याच जागेवर उभं राहून. तिथं प्रेक्षकांकडून गाऊन घेता येत नाही. आणि भूमिकाच वेगळी असेल, तर रॉक गायकानं बाजूला व्हावं हेही बरोबर. १९८६ साली 'फँटम ऑफ द ऑपेरा'चं शीर्षकगीत कॉकनी रेबेलच्या स्टीव्ह हार्लेनं सारा ब्राइटमनबरोबर गायलं. रेकॉर्ड गाजली. पण ऑक्टोबरात लंडनला पडदा उघडला, तेव्हा मुखवट्यामागे मायकेल क्रॉफर्ड होता. नाटकाचा सूर ऑपेराकडे झुकणारा होता, त्याला हा गळा शोभला. हार्लेच्या वाट्याला दुःख आलं असेल, पण निवड भूमिकेकडे बघून झाली. माझं भांडण एवढ्याचसाठी आहे.

तेव्हा परीक्षा अवश्य घ्या. पण भूमिकेतलं गाणं गाऊन घ्या, संवाद म्हणवून घ्या, आठवडाभर तालमीत उभं करा, आणि नापास झाला तर खुशाल घरी पाठवा. कूळ, केस आणि घराणं विचारून दारातून परत पाठवू नका. संगीत नाटक मेलं म्हणून वर्षाकाठी एक परिसंवाद भरवायचा, हार-तुरे आणि बटाटेवड्यांसह शोक करायचा, आणि तिकडे दार वाजवणाऱ्याला सांगायचं, "सध्या आत कुणी नाही!" हे बंद करा. आत कुणी नाही, हे त्या बिचाऱ्याला दिसतंच आहे. म्हणून तर तो आलाय.